विषय फक्त भाजीपाला

माणिकरावांनी स्वतःच्या बायकोला ग्रुपमधून काढलं, तेव्हा ती त्यांच्यासमोरच ओसरीवर बसून मेथी निवडत होती.

काढण्याआधी त्यांनी एकदा चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. विमलबाई खुशीत होत्या. मेथीच्या दोन काड्या मोडल्या की हात पदराला पुसायच्या, फोन उचलून बघायच्या आणि गालातल्या गालात हसून परत खाली ठेवायच्या. माणिकरावांनी मोठा श्वास घेतला, बोट टेकवलं आणि घसा खाकरून ग्रुपवर लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा.'

ग्रुपचं नाव 'मावला भाजीपाला मंडळ'. मावल्याच्या आसपास भाजी पिकवून तेलंगणातल्या आदिलाबादच्या रैतु बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, विकणारी सगळी घरं त्यात होती. रोपं कुठे मिळतात, पानावर काय पडलंय, बाजारात कशाला उठाव आहे, एवढंच त्यात बोलायचं असं सुरुवातीला ठरलं होतं. पण हळूहळू त्यात गुलाबाची फुलं आली, उगवते सूर्य आले, विकाऊ मोटारसायकल आणि हरवलेली शेळी आली. निवडणुकीत तर दोन चुलतभावांनी एकमेकांची पार आजोबांपर्यंत चौकशी केली. एकदा कुणीतरी 'उद्या बाजार बंद' असं कुठूनसं आलेलं पुढे ढकललं. त्या भरवशावर अर्ध्या मावल्यानं काढून ठेवलेली कोथिंबीर म्हशींना घातली. बाजार व्यवस्थित उघडा होता. सगळ्यात जास्त कोथिंबीर माणिकरावांची गेली होती, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांनाच अ‍ॅडमिन केलं.

माणिकराव मुळात शिस्तीचा माणूस. त्यांच्या वावरातली वांग्याची ओळ दोरी धरून लावल्यासारखी सरळ असायची, कारण ती खरोखरच दोरी धरून लावलेली असायची. त्यांनी नियम केले. विषय फक्त भाजीपाला. सकाळचे नमस्कार टाकू नयेत. एकच गोष्ट दोनदा टाकू नये. कुणाला तोडून बोलू नये. खात्री नसलेलं पुढे ढकलू नये. चुकेल तो एक दिवस बाहेर. आणि खरं सांगायचं तर ग्रुप सुधारला. लोक एकमेकांना 'भाऊ', 'ताई' म्हणून लिहू लागले. शेतीखात्याचा एक तरुण अधिकारीसुद्धा आपणहून ग्रुपमध्ये आला. तो तेलुगू होता, मराठी अक्षर लावून लावून वाचायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा.

या शिस्तीचा पहिला मार बसला तो बी-बियाणं आणि औषधांचं दुकान चालवणाऱ्या केशवरावांना. त्यांनी दिवाळीला फुलबाजी उडणारं चित्र टाकलं आणि एक दिवस बाहेर बसले. तेव्हापासून ते चौकात उभे राहून म्हणायचे, "घरच्या माणसाले काढून दाखवा, मंग मानतो."

आणि नेमका आज विमलबाईंनी आयुष्यातला पहिला मेसेज टाकला होता. भैंशाला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, रुपानं, सकाळी एक फोटो पाठवला. रुपाची तान्ही लेक एक लालभडक टमाटा दोन्ही हातांत धरून चावत होती आणि तिच्या खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात दिसत होता. टमाटा विमलबाईंनीच बसनं जाणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर धाडलेला. विमलबाईंनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माह्या नातीले पयला दात आला. टमाटा आपल्या वावरातला हाय.'

केशवरावांचं उत्तर लगेच आलं. 'फोटो गोड आहे. पण विषय टमाटा आहे का दात? अ‍ॅडमिनसाहेबांनी सांगावं.'

त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. ती शांतता माणिकरावांना सोसली नाही.

"अवो, हे पहा काय झालं," थोड्या वेळानं विमलबाई म्हणाल्या. "इथं काई लिवताच येऊन नाई राह्यलं."

"काढलं तुले," माणिकराव फोनमध्ये बघत म्हणाले.

"कोणं?"

"मी. एक दिवसासाठीच हाय, रुपाची माय. उद्या घेतो ना परत. घरच्याले सोडलं तर लोक काय म्हणतील?"

विमलबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "फोटो पाह्यला काय तुमी?"

"पाह्यला. विषयात बसत नव्हता."

"विषयाचं नाई पुसलं. दात पाह्यला काय?"

माणिकरावांनी दात पाहिला नव्हता. त्यांनी फक्त टमाटा पाहिला होता, तोही विषयात बसतो का एवढ्यापुरता.

"बरं," विमलबाई म्हणाल्या. "काय काय नियम हायत, एकदा वाचून दाखवा बरं मले."

बायकोनं मनावर घेतलेलं नाही असं वाटून माणिकरावांना बरं वाटलं. त्यांनी सगळे नियम नीट, अर्थासकट वाचून दाखवले. तिथेच ते फसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना जाग आली ती तोंडावर ऊन पडल्यावर. "अवो, उजाडलं," ही हाक आली नव्हती. ते धडपडत बाहेर आले, तर भाजी नेणारा ऑटो कधीच निघून गेला होता. वांग्यांची टोपली विमलबाईंनी स्वतः त्यात चढवली होती आणि शेजारच्या वावरातल्या पंढरीला विकायला सांगितलं होतं.

"काऊन उठवलं नाई मले?"

"सकाळचे नमस्कार टाकू नये," विमलबाई अंगण झाडत म्हणाल्या.

"ते ग्रुपवरचं हाय!"

"नियम सर्वांना सारखा."

माणिकराव घरात गेले आणि चष्मा शोधू लागले. "माहा चष्मा कोठी हाय?" उत्तर नाही. "अवं, चष्मा कोठी हाय म्हटलं."

"एकच गोष्ट दोनदा टाकू नये."

"पण सापडून नाई राह्यला!"

"विषय?"

"चष्मा."

"विषय फक्त भाजीपाला हाय."

माणिकराव दारात उभे राहून बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "वांग्याच्या टोपल्यापाशी माहा चष्मा पडला हाय काय?"

"वांग्यापाशी नाई. लसणाच्या परडीत पहा."

चष्मा लसणाच्या परडीत होता. तो चढवून माणिकरावांनी पहिलं काम केलं ते म्हणजे, एक दिवस पुरा व्हायच्या आतच विमलबाईंना परत ग्रुपमध्ये घेतलं. विमलबाईंनी ते पाहिलं आणि नुसती मान हलवली.

दुपारी जेवण वाढलं गेलं. जेवण नेहमीपेक्षा चांगलं होतं आणि त्यानं माणिकराव जास्तच घाबरले. "रुपाचा फोन आलता काय?" त्यांनी विचारलं. विमलबाई भाकरी थापत राहिल्या. माणिकरावांनी घास गिळला आणि प्रश्न बदलला. "रुपाकडे टमाटे पोचले काय?"

"पोचले."

"टमाटे खाणारी बरी हाय ना?"

विमलबाईंचा ओठ जरासा हलला. पण त्या म्हणाल्या, "खाणाऱ्याचा विषय नाई."

संध्याकाळी माणिकराव विहिरीवर गेले आणि त्यांनी भैंशाला फोन लावला. रुपानं सगळं ऐकून घेतलं आणि इतकी हसली की तिची लेक दचकून रडायला लागली.

"हसू नको, बाई. घरात मिरच्या-कोथिंबिरीशिवाय बोलता येऊन नाई राह्यलं मले."

"बाबा, तुमी खरंच फोटो पाह्यला नाई?"

"पाह्यला नं नंतर. मोठा करून करून पाह्यला. लई गोड दिसते पोरगी."

"मंग हे आईले सांगा."

"ऐकते कोठी? तोंड उघडलं की विषय पुसते. एकटीले मेसेज टाकला, तर उघडूनच नाई पाह्यला. ग्रुपवरचं तेवढं वाचते."

"मंग ग्रुपवर सांगा. चार लोकांत काढलं, चार लोकांतच माफी मागा."

"अ‍ॅडमिननं माफी मागाची? अन तेही बायकोची? विषयात बसाले पाह्यजे ना ते."

"मंग बसवा विषयात," रुपा म्हणाली आणि लेकीला थोपटायला गेली.

माणिकराव विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. बरंच लिहून, बरंच खोडून शेवटी त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'वांग्याचं एक चांगलं झाड घाईघाईत उपटल्या गेलं. चूक झाली. लगेच परत लावलं. पण झाडानं मान टाकली आहे. काय करावं?' शेवटी त्यांनी 'बोलत नाही' असंही लिहिलं होतं. ते मात्र खोडलं.

त्यांची समजूत अशी की हे फक्त एका माणसाला कळेल. पण ग्रुप शिस्तीचा होता आणि विषय भाजीपाल्याचा होता. शिवाय खुद्द अ‍ॅडमिनवर प्रसंग आला होता. सगळं मावला धावून आलं.

पंढरीनं सगळ्यात आधी विचारलं, 'दादा, मुळाले माती होती का?'

कुणी लिहिलं, 'झाड किती जुनं आहे?'

माणिकराव घरी पोचले होते. त्यांनी चुलीपुढे फोन घेऊन बसलेल्या विमलबाईंकडे चोरून पाहिलं आणि लिहिलं, 'जुनं आहे. पण असं झाड पुन्हा मिळायचं नाही.'

केशवराव म्हणाले, 'दुकानात नवीन औषध आलं आहे. एक पंप मारा, झाड उभं राहते.'

मेथी-पालक लावणाऱ्या सोजरबाई फारसं लिहीत नसत. त्यांनी विचारलं, 'उपटताना झाडाले पुसलं होतं काय?'

तेवढ्यात विमलबाईंचा मेसेज आला. 'औषधानं होत नाई. झाडाले काई झालं नाई. पाहणाऱ्याच्या डोळ्यात पडलं हाय.'

'वयनी, डोळ्यात काय पडलं?' पंढरी घाबरला. 'दादाचे डोळे पाण्यानं धुवा लवकर.'

'चूक उपटणाऱ्याची आहे,' माणिकरावांनी लिहिलं.

'हे सगळ्यांनी लिवून ठेवा,' विमलबाईंनी लिहिलं.

'लिवलं,' पंढरीनं कळवलं.

त्या रात्री विमलबाईंनी न मागता तिसरी भाकरी वाढली. उद्यापर्यंत सगळं ठीक होईल, अशा समाधानात माणिकराव झोपले.

पण तोवर कुणीतरी काळजीपोटी ते सगळं दुसऱ्या ग्रुपवर ढकललं होतं, तिथून ते तिसऱ्यावर गेलं, आणि प्रत्येकानं त्यातलं आपल्याला महत्त्वाचं वाटलं ते ठेवलं. सकाळी ते आदिलाबादला पोचलं तेव्हा असं झालं होतं : 'मावल्यात वांग्यावर नवा रोग. झाड एका दिवसात मान टाकते. औषध चालत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यात जातो. काळजी घ्या.'

बाजारात माणिकराव आणि पंढरी शेजारी शेजारी बसले होते. पुढ्यात जांभळ्या, तुकतुकीत वांग्यांचे ढीग. गिऱ्हाइकं यायची, "मावल्याची काय?" म्हणून विचारायची आणि मान फिरवून पुढे जायची. एका बाईनं डोळ्यांवर पदर धरून भाव विचारला. एक गृहस्थ काळा गॉगल घालून आले, त्यांनी एकेक वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि शेजारची भेंडी घेऊन गेले. ऊन डोक्यावर आलं तरी ढीग तसेच होते.

माणिकरावांनी पंढरीच्या हातातून फोन घेऊन तो मेसेज वाचला. आपलंच वाक्य आपल्याकडे असं दाढीमिशा वाढवून परत आलं होतं.

पंढरीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, एवढं संकट आलं अन तुमी एकटेच सोसून राह्यले. आता काई काळजी करू नका. मी त्या शेतीखात्याच्या साहेबाले फोन केला हाय. उद्या सकाळी आमी सगळे तुमच्या वावरात येतो."

"कायले येता रे बाप्पा?"

"म्हंजे काय? झाड पाहाले!"

घरी आल्यावर माणिकरावांनी भरलेली टोपली अंगणात उतरवली. "वांगी परत आली," ते म्हणाले. हे विषयाला धरून होतं, म्हणून विमलबाईंनी "काऊन?" असं विचारलं. माणिकरावांनी सगळं सांगितलं. काळ्या गॉगलच्या माणसापर्यंत येता येता विमलबाईंना हसू आवरेना. पण मग त्यांनी विचारलं, "अन पंढरीची?"

"तेची बी. एक वांगं नाई गेलं."

विमलबाई हसायच्या थांबल्या. पंढरीकडे सध्या विकायला दुसरं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई वावरात आल्या, तेव्हा माणिकराव ओळीच्या कडेला वाकले होते. एका फळांनी लगडलेल्या झाडाचा बुंधा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे मिटले होते.

"अवो, हात काढा तेच्यावरून!" विमलबाई ओरडल्या. "तेनं काय केलं तुमचं?"

"लोक येऊन राह्यले. दाखवाले एक तरी मान टाकलेलं झाड पाह्यजे ना."

"खोटं दाखवता काय?"

"मंग काय सांगू? बायको रुसली म्हून पंढरीची वांगी इकल्या गेली नाई, असं सांगू?"

"मी रुसली नाई," विमलबाई म्हणाल्या. "मले वाईट वाटलं. रुसणं येगळं."

माणिकरावांनी बुंधा सोडला नाही, पण उपटायचंही थांबले. "हे भाजीपाल्याचं हाय काय?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"नाई."

"मंग बोल ना. बोल तू."

विमलबाईंनी एका वांग्यावरची धूळ बोटानं पुसली. "इतक्या वर्सांत चार लोकांत मी कधी काई बोलली नाई. तुमीच बोलत आले, मी मांगं उभी राह्यली. त्या दिवशी पयल्यांदा मले वाटलं, आपल्यापाशी बी सांगाले काई हाय. अन मी तोंड उघडलं तवा तुमी दार लावून घेतलं."

माणिकराव झाडाला धरून खाली गुडघ्यांवर बसले. एवढ्यात बांधावरून आवाज आला, "दादा! आलो आमी!"

पंढरी पुढे होता. त्याच्यामागे सोजरबाई, मग पाठीवर फवारणीचा भरलेला पंप घेतलेले केशवराव आणि सगळ्यात शेवटी शेतीखात्याचा तो तरुण अधिकारी. त्याच्या हातात नमुने घ्यायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि डोळ्यांवर खबरदारी म्हणून गॉगल होता.

"वंकाय का नया रोग कहाँ है?" त्यानं वांग्याचं तेलुगू नाव घेऊन विचारलं. सगळ्यांनी वावरभर नजर फिरवली. वांगी नवरीसारखी नटून उभी होती. एक पान पिवळं नव्हतं.

"दादा, उपटलेलं झाड कोणतं?" पंढरीनं विचारलं.

माणिकराव उठून उभे राहिले. गुडघ्यांची माती झटकली. एकदा केशवरावांच्या पंपाकडे पाहिलं, एकदा पंढरीच्या काळजीनं भरलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हात लांब करून विमलबाईंकडे बोट दाखवलं.

"हे."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. "कोठी?" पंढरी पाय उंच करून म्हणाला. "वयनी, जरा बाजूले व्हा बरं."

"बाजूले होऊ नको," माणिकराव म्हणाले. "पंढरी, झाड म्हंजे तुही वयनीच हाय."

कुणालाच काही समजेना. सोजरबाई मात्र बांधावर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"मंग लिवलं काऊन नाई?" पंढरी चिडला.

"विषयाबाहेर होतं ना रे बाप्पा!"

अधिकारी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. "क्या हुआ? रोग किधर है?"

"रोग नहीं है, साहब," सोजरबाईंनी पदरानं डोळे पुसत सांगितलं. "अ‍ॅडमिन ने घरवाली को ग्रुप से निकाला था. वही झाड है."

अधिकाऱ्यानं गॉगल काढला. पिशव्या घडी करून खिशात ठेवल्या. "अच्छा," तो हळूच म्हणाला आणि विमलबाईंना वाकून नमस्कार केला. तरीही कर्तव्य म्हणून त्यानं दहा-वीस झाडं उलटीपालटी करून पाहिली आणि वांगी निरोगी आहेत असं ग्रुपवर फोटोसकट लिहिलं.

"साहेबाचं खरं हाय," पंढरी म्हणाला, "पण लोक म्हणतील, मंग मान कोणी टाकली? दादा, तुमालेच लिवा लागते."

"हे विषयात बसत नाई पण," केशवराव म्हणाले.

"केशवराव, तुमी आधी तो पंप उतरवा पाठीवरून," पंढरी म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी तोडून बोलताना ऐकलं नव्हतं. केशवरावांनी पंप उतरवला.

माणिकरावांनी फोन काढला. लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणत होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं. 'मावल्याच्या वांग्याला कसलाही रोग नाही. मी लिहिलेलं झाड म्हणजे माझी पत्नी विमल. तिनं आनंदानं नातीचा फोटो टाकला. मी तो नीट पाहिला नाही आणि तिला काढलं. तिची माफी सरळ मागायला मला लाज वाटली, म्हणून वांग्याच्या आडून मागितली. त्यापायी सगळ्यांचा माल परत आला. चूक माझी आहे. विमल, मला माफ कर. हे कृपया सगळ्या ग्रुपवर पाठवा.'

ते थांबले. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, 'हा मेसेज विषयाबाहेरचा आहे.' आणि कुणी काही म्हणायच्या आत ते स्वतःच ग्रुपमधून बाहेर पडले.

विमलबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच एका वांग्याचं देठ चाचपलं. तेवढ्यात त्यांच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

"हे काय आलं वो?" त्यांनी फोन माणिकरावांपुढे धरला.

माणिकरावांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकुलता एक अ‍ॅडमिन निघून गेला की फोन आपल्या मनानंच कुणाला तरी अ‍ॅडमिन करून टाकतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. "तू अ‍ॅडमिन झाली," ते म्हणाले.

केशवरावांनी लगेच पंप बाजूला सरकवला. "वयनी, माह्या दुकानातल्या नव्या मालाचा एक फोटो टाकाचा होता, टाकू काय?"

"पाहू," विमलबाई म्हणाल्या.

माणिकरावांचा माफीचा मेसेज रोगाच्या मेसेजपेक्षा जोरात धावला. दुपारी भैंशाहून रुपाचा फोन आला. तिच्या सासूच्या भजनी मंडळात तो वाचून झाला होता. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका माणिकरावांच्या ढिगापुढे थांबायच्या, "तेच काय हे?" असं एकमेकींना विचारायच्या आणि भाव न करता वांगी घ्यायच्या. पंढरीचीही टोपली रिकामी झाली. काळ्या गॉगलचे गृहस्थ आज गॉगल न घालता आले होते. संध्याकाळी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो जरा अडखळत म्हणाला, "सर, वो माफी वाला मेसेज... उसको तेलुगू में लिखना हो तो कैसे लिखूँ?"

दिवेलागणीला विमलबाई ओसरीवर फोन घेऊन बसल्या. माणिकराव शेजारी शेंगा सोलत होते. ग्रुपमध्ये नसल्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून विमलबाई वाचून दाखवत होत्या. एकेक अक्षर जोडत त्या वाचायच्या आणि मध्येच थांबायच्या.

"पंढरी लिवते, मिरचीचं पान वळून राह्यलं. तेच्या मायचा गुडघा कसा हाय, काल पुसाचंच राह्यलं पहा. मोठी सोसणारी बाई हाय. हं, तर पान वळून राह्यलं, काय करावं, म्हणते."

"आधी पान उलटून पाह्य म्हणा, खाली बारीक किडे हायत काय."

विमलबाईंनी बराच वेळ लावून उत्तर लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात किड्यांच्या आधी गुडघ्याची चौकशी होती आणि शेवटी माणिकराव बरे आहेत असंही होतं.

"मी असं नाई म्हटलं," माणिकराव म्हणाले.

"तुमचंच हाय. जरासं नीट केलं." त्यांनी पुढचा मेसेज उघडला. "पंढरी पुन्हा लिवते, दादाले परत घ्या. अन बाकीचे बी म्हणून राह्यले. आता दिवस बी झाला. घेऊ काय तुमाले?"

त्यांचं बोट माणिकरावांच्या नावावर येऊन थांबलं होतं. माणिकरावांनी एक शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "घाई काय हाय? तू वाच."

विमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जराशा त्यांच्या बाजूला सरकल्या आणि पुढे वाचू लागल्या. सोजरबाईंचा पालक, कुणाच्या तरी कारल्याचा मांडव, केशवरावांनी अतिशय अदबीनं विचारलेला एक प्रश्न. प्रत्येक मेसेजमागे त्या घरचं काहीबाही निघायचं, आणि माणिकराव हूं हूं करत ऐकायचे. शेंगा सोलून कधीच संपल्या होत्या.

"झाले," शेवटी विमलबाई म्हणाल्या. "एवढेच होते."

"मंग वरून वाच," माणिकराव म्हणाले.